रक्त आत का गोठत नाही? पेशीपटल, रोगप्रतिकार आणि आपला विज्ञानाचा तास



आजच्या लेखात तयार टाचण नाही आणि स्वाध्यायही नाही. मी वर्गात एकदा चुकीचं उत्तर दिलं होतं. ते चुकलं हे मला कसं कळलं आणि त्यानंतर वाचून जे समजलं, ते इथं मांडते आहे. शेवटी माझं एक मत आहे. पटलं नाही तर जरूर वाद घाला.

एक प्रश्न आणि एक चुकीचं उत्तर

मी बारामतीत राहते आणि रोज इंदापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत जाते. सहावी-सातवीचं विज्ञान माझ्याकडे आहे. दिवाळी झाली की आमचा पट वाढतो. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कालव्याकडेला कोप्या उभ्या राहतात आणि बीड-नगरकडची पाच-सात मुलं वर्गात येऊन बसतात. त्यातलाच एक मुलगा सातवीत होता. मधल्या सुट्टीत कबड्डी खेळताना त्याचा गुडघा फुटला. मी जखम धुतली, कापूस दाबून धरला. थोड्या वेळात रक्त थांबलं. तो गुडघ्याकडं बघत म्हणाला, "मॅडम, बाहेर आलं की रक्त गोठतंय, मग आत का गोठत नाही?"

मी लगेच सांगितलं, "अरे, बाहेर हवा लागते ना, म्हणून." त्याचं समाधान झालं आणि माझंही झालं. मलाही लहानपणी कुणीतरी हेच सांगितलं असणार.

महिनाभरानं त्याच्या चुलत्याला उसाच्या फडात घोणस चावली. आधी पायाला दोरी करकचून बांधली, मग जवळच्या एका देवस्थानाला नेलं. त्यात तास-दीड तास गेला. मुलगा रडत शाळेत आला तेव्हा आम्हाला कळलं. आमच्या एका सरांच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं, मी सोबत होते. डॉक्टरांनी थोडं रक्त काढलं, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घातलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि घड्याळाकडं बघितलं. वीस मिनिटांनी नळी हळूच तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. "गोठत नाही. प्रतिविष लगेच सुरू करा," असं म्हणून ते कामाला लागले.

मी त्या नळीकडं बघत राहिले. नळीचं तोंड उघडं होतं. वीस मिनिटं हवा लागली होती. तरी रक्त गोठलं नव्हतं. म्हणजे मी मुलाला सांगितलेलं उत्तर खोटं होतं. ते काका वाचले, बऱ्याच दिवसांनी टोळीत परतले. माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न बसला तो बसलाच.

पटल म्हणजे पिशवी नव्हे, गोधडी

सातवीला पेशीरचना शिकवताना आपण फळ्यावर एक गोल काढतो. मध्ये केंद्रक, भोवती पेशीद्रव्य, बाहेर पेशीपटल. पटलाबद्दल दोन वाक्यं सांगतो: ते पेशीला वेढून ठेवतं, काही पदार्थ आत घेतं, काही अडवतं. मुलांच्या मनात त्यामुळं प्लॅस्टिकच्या पिशवीचं चित्र तयार होतं. आतून बघा, बाहेरून बघा, सारखीच.

खरं पटल गोधडीसारखं आहे. गोधडीला वरचं कापड वेगळं असतं आणि खालचं अस्तर वेगळं. पेशीपटलही असंच दोन पदरी असतं. दोन्ही पदर मिळून जाडी साधारण पाच नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा सुमारे दोन लाखावा भाग. हे पदर मेदाच्या रेणूंचे बनलेले असतात. त्यांना फॉस्फोलिपिड म्हणतात. तांबड्या रक्तपेशींचा अभ्यास करून १९७२ मध्ये मार्क ब्रेट्शर या शास्त्रज्ञांनी मांडलं की दोन्ही पदरांतले रेणू सारखे नाहीत. काही जातींचे रेणू प्रामुख्यानं बाहेरच्या पदरात असतात, तर काही आतल्या अस्तरात.

त्या अस्तरातल्या एका रेणूचं नाव लक्षात ठेवू या: फॉस्फॅटिडिलसेरीन. नाव मोठं आहे, म्हणून या लेखापुरतं मी त्याला 'अस्तराचा रेणू' म्हणते. निरोगी पेशीत तो जवळजवळ सगळा आतल्या बाजूला असतो. गोधडीचं अस्तर बाहेर दिसायला लागलं की आपण काय ओळखतो? कुठंतरी उसवलंय. शरीरही नेमकं तेच ओळखतं.

अस्तर आत ठेवणारे आणि बाहेर काढणारे

आता प्रश्न असा की अस्तराचा रेणू आतच का राहतो? मेदाचे रेणू एकाच पदरात सरकत फिरतात, पण या पदरातून त्या पदरात आपणहून उलटायला त्यांना फार वेळ लागतो, कित्येक तास किंवा त्याहूनही जास्त. हे काम पटलात बसलेली प्रथिनं करतात. त्यांचे तीन प्रकार सांगतात.

पहिला प्रकार फ्लिपेज. ही प्रथिनं बाहेर गेलेला अस्तराचा रेणू पकडून आत आणतात. त्यासाठी पेशीतली ऊर्जा, म्हणजे एटीपी, खर्च होते. दुसरा प्रकार फ्लॉपेज. हीसुद्धा ऊर्जा खर्च करतात, पण रेणू आतून बाहेर नेतात. तिसरा प्रकार स्क्रॅम्ब्लेज. यांना एटीपी लागत नाही. ती उघडली की दोन्ही पदरांतले रेणू इकडून तिकडं वाहतात आणि सरमिसळ होते.

आपल्याकडच्या मुलांना हे समजवायला मी पाण्याचं उदाहरण देते. विहिरीवरची मोटार पाणी वर चढवते, तिला वीज लागते. ते फ्लिपेज आणि फ्लॉपेज. नीरा डाव्या कालव्याच्या चारीचं दार उघडलं की पाणी आपोआप धावतं, तिथं वीज लागत नाही. ते स्क्रॅम्ब्लेज. मोटार रात्रंदिवस चालू असते, दार मात्र एरवी बंद असतं. ते कधी उघडायचं यावरच सगळा खेळ आहे.

मुलाच्या प्रश्नाचं खरं उत्तर

गुडघा फुटतो तेव्हा बारीक रक्तवाहिन्या फाटतात. रक्तातल्या रक्तपट्टिका, ज्यांना आपण प्लेटलेट म्हणतो, त्या फाटलेल्या जागी चिकटतात. त्यांच्या आत कॅल्शियम वाढतं. कॅल्शियम वाढलं की टीएमईएम१६एफ नावाचं स्क्रॅम्ब्लेजचं दार उघडतं आणि अस्तराचा रेणू बाहेरच्या बाजूला येतो. रक्तद्रव्यात फिरणारे गोठणघटक कॅल्शियमच्या मदतीनं त्याच जागेवर येऊन बसतात. एकत्र बसल्यामुळं त्यांच्या कामाचा वेग हजारो पटींनी वाढतो. मग फायब्रिनची जाळी तयार होते आणि रक्त थांबतं.

आत, निरोगी रक्तवाहिनीत, हे गोठणघटक असतातच. पण त्यांना बसायला जागा नसते, कारण सगळ्या पेशींनी अस्तर आत दुमडून ठेवलेलं असतं. रक्त आत न गोठण्याला आणखीही कारणं आहेत, पण हे त्यातलं एक मोठं कारण आहे. हवेचा इथं काही संबंध नाही.

हे दारच बिघडलं तर? अशी माणसं फार विरळ, पण आहेत. त्या विकाराला स्कॉट सिंड्रोम म्हणतात. त्याची पहिली नोंद १९७९ सालची आहे. रुग्णाच्या रक्तपट्टिकांची संख्या ठीक असते, गोठणघटकही ठीक असतात, तरी जखम झाल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव थांबत नाही. २०१० मध्ये जपानचे शिगेकाझू नागाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीएमईएम१६एफ शोधलं, आणि स्कॉट सिंड्रोमच्या रुग्णात याच प्रथिनाच्या जनुकात दोष सापडला.

मग घोणशीचं विष काय करतं? आपलं शरीर जखमेपुरतंच गोठणं सुरू करतं. घोणशीच्या विषातली विकरं रक्तातल्या गोठणघटकांना थेट सुरू करतात, तेही सगळ्या शरीरात. जिथं तिथं बारीक बारीक गोठणं होत राहतं, त्यात फायब्रिनोजेन संपून जातं, आणि खरोखर गरज पडेल तेव्हा रक्त गोठत नाही. विषातली दुसरी काही विकरं तर पटलातले मेदरेणूच तोडतात. नळीतलं ते पाण्यासारखं रक्त याचा पुरावा होतं. एरवी काचेच्या नळीत ठेवलेलं रक्त वीस मिनिटांत गोठतं, कारण काचेच्या स्पर्शानं ती क्रिया सुरू होते. गंमत म्हणजे याच विषाचा १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये हिमोफिलियाच्या रुग्णांची जखम थांबवायला उपयोग केला होता. योग्य जागी थोडंसं लावलं तर औषध, सगळ्या अंगात भिनलं तर मृत्यू.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. यात शेतात राबणारी माणसं जास्त. आपल्या ऊसपट्ट्यातल्या शाळेत हा धडा पुस्तकाबाहेरचा कसा म्हणायचा? दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, हात-पाय हलवू न देता थेट दवाखान्यात न्या, हे मुलांना पाठ हवं. आणि का, हेही कळायला हवं. कारण कळलेलं मूल घरी मोठ्या माणसांना सांगू शकतं.

मेलेल्या पेशी कोण उचलतं?

आता रोगप्रतिकाराकडं येऊ. लयकारिकांना 'आत्मघाती पिशव्या' म्हणतात, हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. परीक्षेत एक गुण मिळतो. पण पुढचा प्रश्न आपण विचारतच नाही. पेशी मेल्यावर तिचं काय होतं?

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी ठरलेल्या पद्धतीनं मरतात. तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. एवढा कचरा साठून राहिला असता तर आपण जगलोच नसतो. तो उचलायला भक्षक पेशी असतात, त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. पण शेजारी शेजारी असलेल्या जिवंत आणि मरणाऱ्या पेशींतून त्या नेमकी मरणारी कशी निवडतात?

खूण तीच आहे, अस्तर बाहेर. पेशीच्या नियोजित मृत्यूची प्रक्रिया सुरू झाली की कॅस्पेज नावाची विकरं दोन कामं करतात. फ्लिपेजला तोडून मोटार बंद पाडतात आणि एक्सकेआर८ या स्क्रॅम्ब्लेजला कापून त्याचं दार उघडतात. यातलं दार २०१३ मध्ये आणि मोटार २०१४ मध्ये नागाता यांच्याच गटानं उलगडली. अस्तराचा रेणू बाहेर आला की भक्षक पेशी 'मला उचला' असा तो निरोप वाचते आणि पेशीला गिळते. १९९२ मध्येच व्हॅलेरी फॅडॉक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की मरणाऱ्या पेशींची ओळख या रेणूवरून पटते.

यात आपल्या भागाला जवळची एक गोष्ट आहे. बारामती-इंदापूर म्हणजे दुधाचा पट्टा. दुधातला स्निग्धांशाचा प्रत्येक कण एका बारीक पटलात गुंडाळलेला असतो. त्या पटलावर एक प्रथिन सापडलं, त्याला लॅक्टाधेरिन किंवा एमएफजी-ई८ म्हणतात. २००२ मध्ये कळलं की हेच प्रथिन शरीरात दुव्याचं काम करतं. एका हातानं ते मरणाऱ्या पेशीवरचा अस्तराचा रेणू धरतं आणि दुसऱ्या हातानं भक्षक पेशीला. गाईच्या दुधातून काढलेलं हे प्रथिन, चमकणारा रंग जोडून, प्रयोगशाळेत कोणत्या पेशींचं अस्तर बाहेर आलंय हे बघायला वापरतात. सकाळी डेअरीवर कॅन घेऊन जाणाऱ्या मुलाला हे सांगून बघा. तो त्या दिवशी दुधाकडं वेगळ्या नजरेनं बघेल.

आणि उचलण्याचं काम नीट झालं नाही तर? ज्या उंदरांमध्ये हे दुवा-प्रथिन नव्हतं, त्यांच्यात मेलेल्या पेशी पडून राहिल्या आणि त्यांचं शरीर स्वतःच्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागलं, असं २००४ मध्ये दिसलं. माणसातल्या ल्युपस या आजारासारखंच ते होतं. इथंच एक महत्त्वाचा मुद्दा आहे. भक्षक पेशी जेव्हा ही खूण वाचून पेशी गिळते, तेव्हा ती आजूबाजूला शांततेचे संदेशही सोडते. दाह वाढवू नका, इथं लढाई नाही, हा नेहमीचा मृत्यू आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे कधी गप्प बसायचं हेही रोगप्रतिकार यंत्रणेला कळावं लागतं.

आतल्या बाजूचा निरोप

अस्तराचा रेणू बाहेर आला तरच निरोप होतो असं समजू नका. आत असतानाही तो कामात असतो. त्याच्यावर ऋण प्रभार असतो. त्यामुळं पेशीतली काही संदेशवाहक प्रथिनं पटलाच्या आतल्या बाजूला येऊन चिकटतात आणि तिथून त्यांचं काम सुरू होतं. प्रोटीन कायनेज सी हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. बाहेरून आलेला संदेश आत पोचवायला त्याला हा रेणू लागतो. तोच रेणू आत असला तर संदेशाचं ठाणं, बाहेर आला तर मदतीची हाक. रेणू बदलला नाही, जागा बदलली.

मोटार बिघडली तर रोगप्रतिकारावर काय परिणाम होतो, हे २०११ मध्ये उंदरांवरच्या संशोधनातून दिसलं. एटीपी११सी हे फ्लिपेज बिघडलेल्या उंदरांच्या अस्थिमज्जेत बी पेशी नीट वाढल्याच नाहीत. बी पेशी म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी. लढणारं सैन्य घडायलाच ही मोटार लागते.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्यायचं तर सिकलसेलचं. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत हा आजार बराच आढळतो. त्यातल्या काही तांबड्या पेशींचं अस्तर वेळेआधीच बाहेर दिसू लागतं. त्यामुळं त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, रक्त गोठण्याकडं कल वाढतो आणि पेशी लवकर उचलल्या जातात. कोयत्यासारखा आकार आपण मुलांना दाखवतो, पण आकारासोबत पटलही बिघडतं हे सांगायचं राहून जातं.

खोटा निरोप देणारे विषाणू

जिथं खूण असते तिथं खुणेची नक्कल करणारेही असतात. काही विषाणू पेशीतून बाहेर पडताना तिच्याच पटलाचा तुकडा पांघरून घेतात, आणि त्यावर अस्तराचा रेणू बाहेरच्या बाजूला असतो. समोरच्या पेशीला वाटतं, हा मेलेल्या पेशीचा तुकडा आहे, उचलून घ्यावा. असं करून ती शत्रूला स्वतःच घरात घेते. देवीच्या लशीत वापरल्या जाणाऱ्या व्हॅक्सिनिया विषाणूत ही युक्ती २००८ मध्ये दाखवली गेली. डेंग्यूचा विषाणूही याच रेणूला ओळखणाऱ्या ग्राहकांचा आधार घेऊन पेशीत शिरू शकतो, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं.

डेंग्यू आपल्याला नवा नाही. पावसाळा सरत आला की आपण मुलांना बॅरल, टायर, फ्रिजमागचा ट्रे तपासायला सांगतो, आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायला लावतो. त्याच आठवड्यात मागच्या वर्षी एक पालक ताई शाळेत आल्या. मुलगी तीन दिवस तापानं फणफणली होती. ताईंनी दवाखान्यात नेण्याऐवजी सातशे रुपयांचा 'इम्युनिटी'चा डबा आणला होता. "मॅडम, तिची प्रतिकारशक्ती कमी पडतीय, असं सांगितलं मला," त्या म्हणाल्या. ऊस तोडून मिळालेले सातशे रुपये. मी त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं. मुलगी बरी झाली. पण त्यांचा राग मला करता आला नाही, कारण तो शब्द त्यांना आपणच दिलेला आहे.

माझं मत

'रोगप्रतिकारशक्ती' या शब्दात 'शक्ती' आहे. आपण वर्गातही ती ताकदीसारखीच शिकवतो. जास्त असली की चांगली, कमी असली की वाढवायची. डबे विकणाऱ्यांना एवढंच पुरेसं होतं. पण वर आपण जे पाहिलं त्यात ताकद कुठं आहे? त्यात ओळख आहे. कोणता रेणू कुठं दिसतोय, हे वाचणं आहे. योग्य जागी गोठणं आणि दुसरीकडं न गोठणं आहे. मेलेल्याला उचलणं, जिवंताला हात न लावणं आणि काम झाल्यावर शांत होणं आहे. ल्युपससारख्या आजारात यंत्रणा कमजोर नसते. ती आपल्याच माणसावर चालून गेलेली असते. तिला 'वाढवून' काय होणार?

म्हणून माझं म्हणणं असं आहे की पेशीपटल शिकवताना 'काय आहे' याच्या जोडीला 'कोणत्या बाजूला आहे' हे शिकवावं आणि रोगप्रतिकाराची पहिली ओळख तिथूनच करून द्यावी.

यावर दोन आक्षेप मला माहीत आहेत, कारण आमच्या केंद्रातल्या शिक्षक परिषदेत ते मी ऐकले आहेत.

पहिला: सातवीच्या मुलांना फ्लिपेज आणि स्क्रॅम्ब्लेज कशाला? ती नावं नकोतच. परीक्षेत तर मुळीच नकोत. मी वर्गात एवढंच करते. घरून एक जुनी गोधडी आणते. वरचं कापड आणि अस्तर दाखवते. मुलं तिच्याभोवती बसतात. एक गट 'मोटार' होतो. उसवलेल्या जागेतून बाहेर आलेलं अस्तर ते पुन्हा आत खोचत राहतात. मग मी शिट्टी वाजवते. मोटार थांबते, दार उघडतं, अस्तर बाहेर येतं. दुसरा गट 'भक्षक पेशी'. अस्तर दिसलं तरच त्यांनी यायचं, नाही तर जागेवर बसायचं. एकदा एक मुलगा अस्तर न दिसताच धावत आला. सगळी ओरडली, "अरे, ती जिवंत आहे!" ल्युपस हा शब्द न उच्चारता तो धडा वर्गाला समजला. पंचवीस मिनिटं लागतात आणि साहित्याला एक रुपयाही लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक होता. एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, "मॅडम, हे आपल्यालाच कुणी शिकवलं नाही, आपण काय शिकवणार?" खरं आहे. माझं डीएड झालं तेव्हा हे माझ्या कानावरही नव्हतं. पण टीएमईएम१६एफचा शोध २०१० चा आहे. आपण डीएडला शिकलो ते तिथंच थांबलं, विज्ञान मात्र पुढं गेलं. आपल्याच जिल्ह्यात, पुण्यात विद्यापीठाच्या आवारात, एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना तिथून पेशी पुरवल्या जातात. आपल्या बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शंका आली तर विचारायला माणसं आहेत. लाज वाटते ती विचारायची. मला त्या मुलाला 'माहीत नाही, बघून सांगते' असं म्हणता आलं असतं. तेवढं एक वाक्य मी बोलले नाही.

शेवटी

यंदा ती टोळी पुन्हा आली. मुलगा आता आमच्या पटावर नाही, सातवी संपली. धाकट्या बहिणीला सोडायला तो शाळेच्या फाटकाशी आला होता. मी त्याला हाक मारून थांबवलं. म्हटलं, "बाळा, तुला मी एक चुकीचं सांगितलं होतं. हवेनं रक्त गोठत नाही." त्याला तो प्रश्न आठवत होता. तो म्हणाला, "मला तवाच वाटलेलं मॅडम. काकाचं रक्त नळीत उघडंच हुतं की."

म्हणजे त्यानंही ते पाहिलं होतं. दवाखान्याच्या त्या दारात तो उभा होता, हे मी विसरले होते. माझं उत्तर चुकीचं आहे हे त्याला माझ्याइतकंच तेव्हा कळलं होतं आणि तो वर्षभर गप्प बसला होता, कारण मॅडमनी सांगितलं होतं.

मी त्याला वर्गात नेलं आणि कपाटातली गोधडी काढली.

तुमच्या वर्गात पेशीपटल शिकवताना तुम्ही कोणतं उदाहरण देता, मुलांनी कोणता प्रश्न विचारून तुम्हाला अडवलं, हे जरूर कळवा. गोधडीपेक्षा चांगलं उदाहरण सापडलं तर मी पुढच्या वर्षी तेच वापरेन.